भिंतीला चिकटवलेल्या पाठी

४ जून

बारक्या,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. नुसतं बारक्या पुरे.

पत्र कशाला, फोन आहे की, असं तू म्हणशील. फोनवर तू मला हसवतोस. वर्षानुवर्षं हेच चाललंय. मी तावातावाने फोन लावते, तू पहिल्याच वाक्याला काहीतरी थापा मारून मला हसवतोस, कशासाठी फोन केला होता तेच मी विसरते, आणि ठेवल्यावर कपाळावर हात मारून घेते. कागदावर तुला ते जमायचं नाही. तुझे फोन मी आता उचलणार नाहीये, तेव्हा उगाच वाजवत बसू नकोस.

काल दाढ ठणकत होती म्हणून आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत दातांचा नवा दवाखाना झालाय तिथे गेले. बाहेरच्या खोलीत गुबगुबीत सोफे, गारठा, आणि समोर अख्खी भिंत भरून पुस्तकं. जमिनीपासून पार छतापर्यंत. तू मला ओळखतोस. दाढ बिढ मी जागच्या जागी विसरले. मनात म्हटलं, डॉक्टर वाचणारा दिसतो, म्हणजे माणूस बरा असणार. उठले, एक जाडसं पुस्तक हेरलं, वरच्या कडेला बोट अडकवलं आणि ओढलं. येईना. जोर लावला तर नख मोडलं. शेजारचं ओढलं, तेही येईना. मग भिंतीला गाल लावून कडेने डोकावले. पुस्तकं नव्हतीच तिथे. नुसत्या पाठी होत्या, पुस्तकांच्या कापून काढलेल्या पाठी. प्लायवूडवर एकीला एक भिडवून चिकटवलेल्या, आणि खोलपणा दिसावा म्हणून मागे थर्माकोलचे तुकडे.

माझ्या शेजारी एक बाई सुजलेला गाल हाताने झाकून त्या भिंतीपुढे स्वतःचे फोटो काढून घेत होत्या. मला म्हणाल्या की किती छान वाटतं ना, वाचनाचं वातावरण.

आणि तेवढ्यात मला ते कापड दिसलं. निळ्या चौकड्यांचं. आपल्या पुढच्या खोलीच्या पडद्यांतलं उरलेलं. या जगात पडद्याचं कापड पुस्तकाच्या पाठीला लावणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो आपला बाप होता. मी त्या पाठीवरून बोट फिरवलं. खालच्या टोकाला बाबांच्या हातची दुमड होती, ती मी झोपेतसुद्धा ओळखीन. शेजारी बाबांचीच दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. अख्खी रांग आपल्या घरातली होती.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं की हे कुणी केलं. तिने कौतुकाने एक गुळगुळीत पत्रक हातात ठेवलं. त्यावर तुझा फोटो, हाताची घडी घालून, पोट आत ओढून. खाली लिहिलंय, ‘आपल्या भिंतीला वाचनाचा स्पर्श. पुस्तकांच्या घरात वाढलेल्या कलावंताच्या कल्पनेतून.’ कलावंत! मी दात न दाखवताच घरी आले.

मला एकच सांग. पाठी इथे आहेत, मग पुस्तकं कुठे आहेत?

ताई


१६ जून

बारक्या,

तुझा मेसेज आला. पत्राला मेसेजने उत्तर, तेही तीन तुकड्यांत, मध्ये हात जोडलेलं चित्र. हात जोडायचे तर समोर येऊन जोड.

तू लिहितोस की त्या सगळ्या खराब प्रती होत्या. लिहितोस की कुणी वाचत नव्हतं, नुसती धूळ खात होती, निदान आता लोक बघतात तरी. आणि लिहितोस, “ताई, वाचायची आवड तुझी. मला कधी होती? मी नुसता तुझ्याबरोबर बसायचो.” हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की मला त्याची शिसारी आली. पत्रकात छापतोस की मी पुस्तकांच्या घरात वाढलो, आणि मला सांगतोस की मी नुसता बसायचो. यातलं खोटं कुठलं ते तरी एकदा ठरव. गिऱ्हाइकाला एक आणि बहिणीला एक, असं किती दिवस चालवणार आहेस?

आठवत नाही म्हणतोस ना, मग आठवण करून देते. बाबांचा धंदा बाइंडिंगचा. छापखान्यातून छापील कागदांचे गठ्ठे यायचे, सोळा-सोळा पानांची घडी घातलेले, त्याला फर्मा म्हणायचे. मधल्या खोलीतल्या लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असायचे. आई त्या टेबलाभोवती फेऱ्या मारत एकेका ढिगातला एकेक फर्मा उचलायची, फेरी पुरी झाली की हातात एक पुस्तक जुळलेलं. मग शिलाई, सरस, पुठ्ठा. या भानगडीत एखादा फर्मा उलटा लागायचा, एखादा दोनदा लागायचा, एखाद्यावर सरस सांडायचा. असली प्रत प्रकाशक परत घ्यायचा नाही. ती घरी राहायची. बाबा रविवारी बसून उरल्यासुरल्या कापडात तिला बांधायचे आणि आपल्यापुढे टाकायचे. त्यांनी आयुष्यात ढिगांनी पुस्तकं बांधली आणि एकही वाचलं नाही. वाचत बसलो तर बांधणार कोण, म्हणायचे. पण आपल्यापुढे टाकायचे ते नियमाने, आणि सरस वाळेपर्यंत हात लावला तर टपली मारायचे.

आपली पुस्तकं ती होती. खराब प्रती. आपल्याला दुसरी कुठली मिळणार होती? दुकानातलं कोरं पुस्तक विकत घ्यायची आपल्या घराची ऐपत कधी नव्हती, आणि गंमत म्हणजे आपल्याला ते कधी जाणवलंही नाही. मला तर कितीतरी दिवस वाटायचं की पुस्तक असतंच असं, मध्येच एक तुकडा उलटा, तिथे पोचलं की पुस्तक फिरवायचं आणि पुढे वाचायचं. शाळेत बाईंनी मला धडधाकट गोष्टीचं पुस्तक दिलं तर ते संपवून मी त्यांना विचारलं होतं की यातला उलटा भाग कुठेय. वर्ग हसला. मला कळलंच नाही का हसले.

आणि तुझं काय झालं होतं? प्रत एक आणि आपण दोघं. मोठी म्हणून सुलटी बाजू माझी. तू टेबलाच्या पलीकडे गुडघ्यांवर बसायचास आणि उलटं वाचायचास. तू अक्षरं शिकलासच उलटी. पहिलीत गुरुजींनी पुस्तक हातात दिलं तर तू ते फिरवून धरलंस आणि घडाघडा वाचायला लागलास. गुरुजींना वाटलं पोरगं पाठांतर करून फसवतंय. तुझ्या हातावर पट्टी मारली. घरी आल्यावर तू रडला नाहीस, आईला म्हणालास की त्या माणसाला सुलटंच वाचता येतं. आई हसून हसून फर्मे विसरली आणि एका पुस्तकात एकच फर्मा दोनदा गेला.

असला पोरगा नुसता बसायचा? मला शेंड्या लावू नकोस.

माझं आयुष्य त्या टेबलावरून निघालं ते अजून पुस्तकांतच आहे. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते, पगार यथातथा, पाठ कायमची दुखते, पण सकाळी कुलूप काढताना मला कधी कंटाळा आला नाही. त्या खराब प्रती नसत्या तर मी कुठेतरी बिलं फाडत बसले असते. हे तुला भाषण वाटेल. वाटू दे.

तू लिहिलंयस की हवी होती तर न्यायची होतीस. बाबा गेल्यावर घर रिकामं करताना काय बोलणं झालं होतं? माझ्या दोन खोल्या, त्यात भिंतींना ओल. मी म्हटलं कपाट करून घेते मग नेते. तू म्हणालास की घाई कशाला, माझं सजावटीच्या सामानाचं गोडाऊन कोरडं आहे, तिथे सुखात राहतील. मी विश्वास टाकला. दर वर्षी विचारायचे की पुस्तकं बरी आहेत ना, आणि तू दर वर्षी म्हणायचास की मस्त आहेत. दात घासावेत इतक्या सहज खोटं बोलायचास.

तर आता ऐक. तुझ्या कलाकुसरीशी मला घेणं नाही. पाठी कापल्यास तर कापल्यास. मी बाइंडरची मुलगी आहे आणि स्वतः बाइंडर आहे, मला नवी पाठ लावता येते. आतली पानं शाबूत असली की पुस्तक जिवंत असतं. पाठी तुझ्या, त्या भिंतींना लावून नाच त्यांच्याभोवती. मला पानं पाठव, होती तेवढी सगळी, आणि रद्दीत घातली असशील तर तसं सरळ लिही.

ताई


८ जुलै

बारक्या,

दोन पोती पोचली. आधी आईशी बोलले होते म्हणून अंदाज होता की काय येणार आहे. आई सांगत होती की पोती तुमच्या माळ्यावर पडून होती, तुझी बायको रोज कटकट करायची, रद्दीवाला दोनदा दारात येऊन गेला आणि तू त्याला परत पाठवलंस. आई हे अशा सुरात सांगत होती की जणू तू केवढे उपकार केलेस. मी तिला म्हटलं, भाव वाढायची वाट बघत असेल. ती म्हणाली, “तू त्याला जेवढी ओरडशील ना, तेवढा तो तोंड मिटून बसेल. लहानपणापासून तसाच आहे.” आईने तुझी बाजू घेणं काही नवीन नाही. तुला सर्दी झाली तरी चूक हवेची असायची.

पोती मी ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात सोडली. बरं झालं घरात सोडली नाहीत. पहिल्यातून झुरळं निघाली, ढिगाने. उंदराच्या लेंड्या, मुताचे पिवळे डाग, आणि एका कोपऱ्यात पानं कुरतडून केलेलं घरटं, त्यात काहीतरी मेलेलं. वास असा की शिपाई नाकाला रुमाल लावून लांब उभा राहिला. मी हातमोजे घालून एकेक बाहेर काढत होते आणि तुझ्या नावाने जे काही बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही.

पण घाणीचं मला काही नाही. घाण झटकता येते, डाग पुसता येतात, कुरतडलेलं सांधता येतं. त्या घाणीखाली जे निघालं त्याने मला खरी किळस आली.

मला वाटलं होतं तू पाठी सोलून काढल्या असशील. कुठलाही बाइंडर तसंच करेल, पुठ्ठ्याच्या सांध्यावर पातं फिरवलं की पाठ अलगद सुटते आणि पानांना धक्का लागत नाही. तू ते लहानपणी बाबांच्या मांडीशी बसून बघितलेलं आहेस. तुझ्या हातून पूर्वी झालेलंही आहे. पण नाही. तुझ्या भिंतीला पाठ जाडजूड दिसायला हवी होती, म्हणून तू अख्खी पुस्तकं सुताराच्या करवतीखाली घातलीस. लाकूड कापायच्या करवतीखाली! पाठीसकट चांगली दोन बोटं पानं कापून नेलीस. तीसुद्धा तिरकी. वर थोडी, खाली जास्त. कडा अशा पिंजल्यात की हात लावला तरी भुगा पडतो.

म्हणजे काय झालं ते तुला कळलंय का? शिलाई गेली, मधला समास गेला, आणि समासाच्या पलीकडचे शब्दही गेले. उजव्या पानावरच्या प्रत्येक ओळीची सुरुवात गेली. डाव्या पानावरच्या प्रत्येक ओळीचा शेवट गेला. एकही पान धड उरलं नाही. पुस्तकं नाहीत ही, सोललेला कचरा आहे. मी कितीही नव्या पाठी लावल्या तरी यातलं एक वाक्य कुणाला वाचता यायचं नाही.

बाकीची एक वेळ दुसरीकडे मिळतीलही. मी आमच्या ग्रंथालयात शोधतेय, ओळखीच्या चार ठिकाणी विचारतेय. पण उंटिणीचं पुस्तक मिळणार नाही. ज्याला निळ्या चौकड्यांचं कापड होतं ते. वाळवंटातून टपाल नेणारी म्हातारी आणि तिची अडेल उंटीण. छापणारा माणूस एवढं एकच पुस्तक काढून बुडाला, प्रती कुठे गेल्या कुणाला माहीत नाही, कुठल्याच यादीत त्याचं नाव नाही. नोकरीला लागल्यापासून मी त्याची धड प्रत शोधतेय. जगात जी एक खराब प्रत मला माहीत होती ती आपली होती. तिच्यावर तू करवत चालवलीस.

सोबत तिचं एक पान पाठवतेय. उंटीण बसते ते पान. शब्द कसे झालेत बघ.

‘…ली उंटीण, आणि एकदा बसली ती बसलीच.
…तारीने टपालाची पिशवी आपल्या खांद्यावर
…पुढचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर होतं
…बरोबर होती ती फक्त
…तेवढ्यावर ती निघाली.’

आणि सगळ्यात खाली, जिथे तुझी करवत आत घुसलीय, तिथे ओळींचं नुसतं शेपूट उरलंय. ‘…सांगितलं नाही.’ ‘…वाचून दाखवायची.’

हे पान समोर ठेव आणि मोठ्याने वाच. तुझ्या त्या दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या लोकांना वाचून दाखव. म्हणावं, हा घ्या वाचनाचा स्पर्श. नाही वाचता येणार. मग मला उत्तर पाठवायची गरज नाही. मला तुझ्याकडून आता काहीच नकोय, आणि हे मी रागाने लिहीत नाहीये. राग माणसावर येतो. तुझ्याबद्दल मला नुसतं ओशट वाटतं, हात धुवावेसे वाटतात.

आईला औषधं वेळेवर दे. तिच्याशी मी दुपारी बोलेन, तू घरी नसशील तेव्हा.

ताई


२७ जुलै

बारक्या,

पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, नाव नाही, हात जोडलेलं चित्र नाही. फक्त ते पान.

आधी मी ते हाताने चाचपलं, मग बघितलं. कापलेली कड तू पात्याने सरळ करून घेतलीस. तिला पातळ कागदाची पट्टी जोडलीस, दोन्ही बाजूंनी तासून, जोड बोटाला लागणार नाही अशी. खळ पातळ, एक सुरकुती नाही. बाबा असते तर म्हणाले असते, बरं जमलंय. ते यापेक्षा जास्त कुणालाच कधी म्हणाले नाहीत.

आणि पट्टीवर पेन्सिलने तू शब्द लिहिलेस. पुढच्या बाजूला ओळींच्या सुरुवाती, मागच्या बाजूला ओळींचे शेवट. सगळे.

मी आधी म्हटलं, अंदाज बांधला असेल. ‘थांब’ आणि ‘म्हा’ कुणीही लिहील. पण ‘बरोबर होती ती फक्त’ याच्या पुढच्या ओळीला कुणीही पाण्याचं काहीतरी लिहिलं असतं. वाळवंट आहे, म्हातारी आहे, पाणीच सुचणार. तू लिहिलंस, ‘वाळलेली अंजिरं आणि गावच्या सरपंचाची छत्री,’ आणि त्याला जोडून ‘तेवढ्यावर ती निघाली.’ छत्री! ती छत्री खरंच होती त्या पुस्तकात. आपण दोघं त्या छत्रीवर किती हसायचो, वाळवंटात छत्री म्हणून. मी शब्द न् शब्द जुळवून बघितला. मला जेवढं आठवतं तेवढ्यात तुझी एकही चूक नाही.

खरं सांगू, त्या क्षणी मला तुझी जेवढी किळस आली तेवढी त्या पोत्यांचीही आली नव्हती. पोती आल्यापासून मी स्वतःची समजूत घालत होते की जाऊ दे, त्याला काही माहीतच नाही, त्याच्या लेखी तो नुसता कागद. न कळता कापणाऱ्याला मी एक दिवस सोडूनही दिलं असतं. पण तुला माहीत होतं. एकेक ओळ तुझ्या डोक्यात होती, करवत कुठल्या शब्दातून जातेय ते तुला ठाऊक होतं, आणि तरी तू बटण दाबलंस. वर मला लिहिलंस की आवड तुझी, मी नुसता बसायचो. ज्याला आवड नव्हती त्याने रद्दीवाल्याला दोनदा कशाला परत पाठवलं? हे कसं केलंस, आणि करताना तुझ्या आत काय चाललं होतं, मला समजत नाही. समजून घ्यायचीही ताकद नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. खालच्या दोन ओळी मला आठवत नव्हत्या. ‘सांगितलं नाही’ आणि ‘वाचून दाखवायची’ एवढीच शेपटं बघून मी कितीदा डोकं खाजवलं. मी, जी आयुष्यभर सांगत आले की ते पुस्तक माझ्या रक्तात आहे. तू लिहिलंस, ‘कुणाचं पत्र कुणाला आलं ते म्हातारीने कधी कुणाला सांगितलं नाही. वाटेत एकटं वाटलं की मात्र ती उंटिणीच्या कानाशी तोंड नेऊन एखादं पत्र वाचून दाखवायची.’ वाचल्याबरोबर मला तुझा लहानपणचा आवाज ऐकू आला. त्या ओळी तू वाचायचास. मी तिथे थांबायचे आणि तू वाचायचास, म्हणून त्या माझ्याकडे नव्हत्या.

तेव्हा असं झालंय. ते पुस्तक आता कागदावर नाही. अर्धंमुर्धं माझ्यात आहे, आणि माझ्यात नाही ते तुझ्यात आहे. तुझं वजन, तुझा रक्तदाब, तुझं ते सकाळ-संध्याकाळ गाडी हाणत फिरणं मला माहीत आहे. उद्या तुला काही झालं तर उंटीण जागची उठायची नाही.

म्हणून ये. पोटभर शिव्या ऐकायच्या तयारीने ये, थापा मारू नकोस, मला हसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नकोस. मी पानं पुसून, सुकवून ओळीने मांडून ठेवली आहेत. पट्ट्या मी जोडीन, तू बसून लिही. आईलाही घेऊन ये, पानांची जुळणी तिच्याइतकी कुणाला येत नाही. मला तुझं तोंड बघायचं नाही, बारक्या. पण शनिवारपर्यंत ये, तू विसरायच्या आत.

ताई